आगमनकाळ: उपवासापासून वाचनापर्यंत

आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळपूर्वीच्या चार आठवड्यांच्या, पहिल्या रविवारी मंडळी नाताळच्या ओढीने चर्चमध्ये येते आणि शुभवर्तमानात ऐकते ते नोहाच्या काळचा पूर, रात्री येणारा चोर, सूर्य-चंद्रांत दिसणारी चिन्हे. रोमन कॅथलिक वाचनक्रमात, म्हणजे उपासनेतल्या शास्त्रपाठांच्या ठरलेल्या क्रमात, मत्तय २४, मार्क १३ आणि लूक २१ हे अध्याय पाळीपाळीने या रविवारी येतात आणि तिन्हींचा सूर एकच असतो: जागे राहा. गव्हाण आणि मेंढपाळ यांना अजून अवकाश असतो. नवख्या माणसाला हे कोडे वाटते. ते सुटायचे तर या चार आठवड्यांचा इतिहास पाहावा लागतो. तो सुरू होतो उपवासापासून आणि येऊन पोहोचतो पवित्र शास्त्राच्या वाचनापाशी.

सर्वांत जुना धागा स्पेनमध्ये सापडतो. इ. स. ३८० च्या सुमारास सारागोसा येथे भरलेल्या धर्मसभेने ठरवले की १७ डिसेंबरपासून ६ जानेवारीच्या प्रकटीकरणाच्या सणापर्यंत कोणीही चर्च चुकवू नये. घरात दडून बसू नये, मळ्यावर किंवा डोंगरात निघून जाऊ नये. आगमनकाळ हे नाव तिथे नाही, पण सणाआधीचे दिवस राखून ठेवण्याची कल्पना आहे. घराबद्दलचा संशयही आहे, कारण एकांतात वेगळीच शिकवण चालते अशी धर्माध्यक्षांना भीती होती. पुढे याच काळाची प्रार्थना घराघरांत रुजली, हे लक्षात घेतले की त्या ठरावाचे महत्त्व कळते.

फ्रान्समध्ये पाचव्या शतकात तूरचे धर्माध्यक्ष पर्पेतुअस यांनी संत मार्टिनच्या सणापासून, म्हणजे ११ नोव्हेंबरपासून, नाताळपर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपवास सांगितला. सहाव्या शतकाच्या अखेरीस माकों येथील धर्मसभेने सोमवार, बुधवार आणि शुक्रवार हे वार पक्के केले. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांचा नाताळपूर्व उपवास आजही चाळीस दिवसांचा असतो, आणि केरळमधले सिरो-मलबार ख्रिस्ती १ डिसेंबरपासून पंचवीस दिवसांचा उपवास धरतात. मिलानच्या अँब्रोसियन परंपरेत आगमनाचे रविवार अजून सहा आहेत. आपल्याकडे रुळलेले चार रविवार रोमचे. पोप ग्रेगरी पहिले (५९०–६०४) यांच्या काळाशी ही घडी जोडली जाते, आणि या काळातली त्यांची प्रवचनेही उपलब्ध आहेत. गॉलकडून, म्हणजे तेव्हाच्या फ्रान्सकडून, प्रायश्चित्त आणि शेवटच्या न्यायाची आठवण आली, रोमकडून जन्मोत्सवाची तयारी. दोन्ही प्रवाह मिसळले, म्हणूनच पहिल्या रविवारचा सूर इतका गंभीर आहे. तो मला फार मोलाचा वाटतो. तो गाळून थेट नाताळगीतांना सुरुवात केली तर या काळाचा अर्धा आशय हरवतो.

हळूहळू उपवास सैल होत गेला आणि त्याची जागा शब्दाने घेतली. १७ ते २३ डिसेंबर या सात संध्याकाळी मरियेच्या स्तोत्राबरोबर सात छोट्या आर्त हाका गायल्या जातात. प्रत्येकीत जुन्या करारातले एक नाव घेऊन ख्रिस्ताला बोलावले आहे: हे ज्ञाना, हे इशायाच्या अंकुरा, हे दाविदाच्या किल्ली, हे उगवत्या प्रकाशा. संदेष्ट्यांचे ग्रंथ ठाऊक असल्याशिवाय या हाकांचा अर्थ लागत नाही. प्रार्थना आणि अभ्यास इथे एकमेकांत गुंतलेले आहेत.

अभ्यासावर उघड भर दिला तो प्रॉटेस्टंट धर्मसुधारणेच्या सोळाव्या शतकाने. १५३८ च्या आदेशाने इंग्लंडमधील प्रत्येक पॅरिश चर्चमध्ये इंग्रजी बायबल ठेवणे सक्तीचे झाले. इंग्लंडच्या (अँग्लिकन) चर्चच्या १५४९ च्या प्रार्थनापुस्तकात कँटरबरीचे आर्चबिशप थॉमस क्रॅन्मर यांनी आगमनाच्या दुसऱ्या रविवारसाठी नवी प्रार्थना घातली. शास्त्र आमच्या शिक्षणासाठी लिहिले गेले आहे, ते आम्ही ऐकावे, वाचावे, ध्यानात ठेवावे, शिकावे आणि अंतरात मुरवावे, असे मागणे तीत आहे. पुढे कित्येक मंडळ्यांत हा रविवार बायबल रविवार म्हणून पाळला गेला. १६६२ च्या आवृत्तीने पहिल्या रविवारची प्रार्थना नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत रोज म्हणायला सांगितली.

मात्र सगळ्या प्रॉटेस्टंटांना हे मान्य नव्हते. प्युरिटन आणि स्कॉटिश प्रेस्बिटेरियन परंपरेने चर्चचे वार्षिक सणच बाजूला सारले. अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागातील मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ ते १६८१ या काळात नाताळ पाळणाऱ्याला दंड होता. याचा महाराष्ट्राशी थेट संबंध आहे. १८१३ मध्ये मुंबईत आलेले आणि १८३१ पासून अहमदनगरला स्थिरावलेले अमेरिकन मिशनरी न्यू इंग्लंडच्या याच वारशातले होते. कोकण-मुंबईतले स्कॉटिश मिशनरीही सण न पाळणाऱ्या चर्चमधून आलेले. नाशिकला १८३२ मध्ये आलेल्या चर्च मिशनरी सोसायटीकडे मात्र अँग्लिकन प्रार्थनापुस्तक होते. म्हणजे मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांना कौटुंबिक प्रार्थना आणि बायबलवाचन यांची सवय सुरुवातीपासून मिळाली, पण आगमनकाळ सर्वांना सारखा मिळाला नाही. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली आणि अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल अशा परंपरा एका छताखाली आल्या. तो दिवस आगमनाचा पहिला रविवार होता.

गोव्याची वाट वेगळी. इंग्लिश जेजुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूरला छापले गेले आणि चर्चमध्ये वाचले जाऊ लागले. त्याच्या जवळपास अकरा हजार ओव्यांतले पहिले पुराण सृष्टीच्या उत्पत्तीपासून संदेष्ट्यांपर्यंत येते आणि तारणाऱ्याची वाट पाहते. आगमनकाळात मोठ्याने वाचण्यासाठी याहून योग्य मराठी ग्रंथ मला माहीत नाही. ओवी घरात बसून म्हणता येते, हे त्याचे आणखी एक बळ.

घरी मेणबत्त्या पेटवण्याची रीत मात्र बरीच अलीकडची. हॅम्बुर्गमधील उपेक्षित मुलांसाठी योहान हिन्रिख विखर्न या ल्युथरन पाळकांनी १८३३ मध्ये आश्रम काढला. नाताळ कधी येणार, असे मुले सारखी विचारत, म्हणून १८३९ मध्ये त्यांनी लाकडी चाकावर रविवारांसाठी मोठ्या आणि इतर दिवसांसाठी लहान मेणबत्त्या लावल्या. रोज एक पेटवायची, शास्त्रातले वचन वाचायचे, गीत गायचे. हिरव्या फांद्या नंतर आल्या आणि घरांसाठी चारच मेणबत्त्या उरल्या. १९२५ मध्ये कोलोन येथील कॅथलिक चर्चमध्ये हे मेणबत्त्यांचे कडे दिसले, आणि आता तीन जांभळ्या व तिसऱ्या रविवारची एक गुलाबी मेणबत्ती आपल्याकडच्या वेदीजवळही असते.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे विसाव्या शतकातल्या कॅथलिक धर्माध्यक्षांच्या महासभेनंतर, कॅथलिकांसाठी मोठा बदल झाला. उपासना लोकभाषेत आली आणि ३० नोव्हेंबर १९६९ रोजी, आगमनाच्याच पहिल्या रविवारी, तीन वर्षांचा नवा वाचनक्रम सुरू झाला. १६ डिसेंबरपर्यंत ख्रिस्ताच्या पुन्हा येण्याकडे लक्ष आणि १७ पासून बेथलेहेमकडे, अशी त्याची आखणी आहे. सुरुवातीचे दिवस यशयाचे, नंतरचे बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे. घरी संध्याकाळच्या प्रार्थनेत हाच क्रम धरला तर चर्च आणि घर एकाच पानावर राहतात. वेगळे पुस्तक शोधावे लागत नाही. १७ डिसेंबरला मत्तयाची वंशावळ येते. मुले नावे मोजून कंटाळतात, तेव्हा तामार, राहाब, रूथ आणि उरियाची बायको या चौघींच्या गोष्टी आधीच्या चार संध्याकाळी सांगून ठेवाव्यात.