पोटाच्या मेदातून स्तन: आधी वाहिनी, मग आकार

कर्करोगामुळे स्तन काढल्यावर पोटाच्या मेदातून तो पुन्हा घडवतात, असं ऐकलं की अनेकांना वाटतं, इथली चरबी काढायची आणि तिथे भरायची. पण एवढा मोठा तुकडा रक्ताविना तग धरत नाही. तो काही तासांत मरणपंथाला लागतो. म्हणून नियोजनात पहिला प्रश्न रक्तवाहिनीचा, आकाराचा नंतर.

पोटाच्या उभ्या स्नायूमागून एक खोल धमनी जांघेकडून वर चढते. तिच्या फांद्या स्नायू भेदून मेदात व त्वचेत शिरतात. शल्यचिकित्सक त्यांना परफोरेटर म्हणतात. 1982 साली शल्यचिकित्सक हार्टरॅम्फ यांनी मांडलेल्या पद्धतीत मेदासोबत स्नायूही घेतला जाई. त्यामुळे पोटाची भिंत दुबळी व्हायची. 1989 मध्ये कोशिमा यांनी स्नायू जागीच ठेवून असा फ्लॅप, म्हणजे वाहिनीसह उचललेला त्वचा-मेदाचा तुकडा, घेता येतो हे दाखवलं आणि 1994 मध्ये अ‍ॅलन यांनी तो स्तनासाठी वापरल्याचं प्रसिद्ध केलं. हाच आजचा डीप (DIEP) फ्लॅप.

आता सगळी भिस्त त्या बारीक फांदीवर. नळीतला प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातानुसार बदलतो. दाब आणि लांबी तीच असेल, तर 1 मिमीऐवजी 1.5 मिमी व्यासाच्या वाहिनीतून सुमारे पाचपट रक्त जातं. अर्ध्या मिलिमीटरने एवढा फरक पडतो! म्हणून तीन किरकोळ फांद्यांपेक्षा एक दणकट फांदी परवडते.

ती शोधायला सीटी अँजिओग्राफी करतात. हाताच्या शिरेतून आयोडिनयुक्त द्रव्य देऊन धमन्या भरतात तेव्हाच बारीक काप टिपतात. त्याआधी मूत्रपिंडांची तपासणी हवी. रुग्ण शस्त्रक्रियेत झोपेल तशीच उताणी हवी, पोटावर पट्टा किंवा घट्ट कपडा नको. पोट दबलं की परफोरेटरचे बिंदू सरकतात. प्रत्येक परफोरेटरची जागा नाभी शून्य धरून लिहितात: डावीकडे 2 सेमी, खाली 1 सेमी, अशी. शस्त्रक्रियेआधी डॉप्लर या ध्वनिलहरींच्या यंत्राने रक्तप्रवाहाचा आवाज ऐकून तिथे शाईची खूण करतात. व्यासाइतकाच स्नायूतला मार्गही बघावा लागतो. तो आखूड आणि सरळ असेल, तर स्नायूचे तंतू कमी दुखावतात. मध्यरेषेजवळच्या रांगेतली फांदी मध्यरेषेपलीकडे रक्त चांगलं पोहोचवते; तरीही सर्वांत दूरचा कोपरा बहुधा कापून टाकावा लागतो.

जुने व्रण याच हिशोबात येतात. सिझेरियनचा आडवा व्रण सहसा आड येत नाही. नाभीखालचा उभा व्रण असेल, तर पलीकडच्या अर्ध्या भागाला अलीकडून रक्त मिळण्याची खात्री नाही. पोट घट्ट करण्याची शस्त्रक्रिया पूर्वी झाली असेल, तर त्या फांद्या कापल्या गेलेल्या असतात. मग मांडीचा किंवा पाठीचा पर्याय. तंबाखू किमान चार आठवडे आधी बंद करावी, कारण निकोटिन याच बारीक वाहिन्या आवळतं.

पुनर्रचनेमुळे कर्करोग उफाळतो, ही भीती निराधार आहे. तेलमालिशीने स्तन पुन्हा भरतो, या जाहिराती निव्वळ फसवणूक.

छातीत उरोस्थीलगतच्या धमनीला आणि शिरेला फ्लॅप सूक्ष्मदर्शकाखाली जोडतात. घात अधिक वेळा शीर करते. रक्त आत येतं पण बाहेर पडत नाही. फ्लॅप जांभळा होतो, फुगतो, दाबून सोडल्यावर रंग झटकन परततो, सुई टोचली की काळपट रक्त येतं. धमनी बंद पडली तर तो फिका आणि गार होतो. शीर अडण्याच्या धोक्यामुळे फ्लॅप उचलतानाच त्वचेखालची वरवरची शीर थोडी लांब राखून ठेवतात. खोल शीर अपुरी पडली, तर तीही जोडता येते. पहिले दोन दिवस दर तासाला रंग आणि ऊब बघतात, कारण गुठळी लवकर लक्षात आली, तर जोड उघडून ती काढता येते.