लागलेलं वर्ष आणि झालेलं वर्ष

२०२४ची दिवाळी उरकून आम्ही साताऱ्याहून वाईच्या एसटीत बसलो. कंडक्टर आला तसं अण्णांनी रुबाबात आधार कार्ड पुढे केलं. पंचाहत्तर वर्षांवरच्या ज्येष्ठांना २०२२च्या ऑगस्टपासून एसटीचा प्रवास फुकट आहे, हे त्यांना पाठ. कंडक्टरने कार्डावरची तारीख पाहिली, १ जून १९५०, आणि हाफ तिकीट फाडलं.

"अहो, पंचाहत्तरावं लागून पाच महिने झाले मला."

"आजोबा, लागलेलं चालत नाही. झालेलं लागतं."

अख्खी गाडी हसली, अण्णासुद्धा. पण चूक कुणाचीच नव्हती. दोघं दोन वेगळ्या गोष्टी मोजत होते, आणि मराठीत या दोन्हींना आपण सरसकट 'वय' म्हणतो.

चालू वर्ष मोजायचं तर मराठी 'वा-वं' लावते आणि सोबत 'लागणं' हे क्रियापद घेते: सोळावं लागलं, साठावं लागलं. सरलेली वर्षं मोजायची तर नुसती संख्या पुरते: सोळा वर्षांचा, साठ पूर्ण. ज्याला सोळावं लागलं तो पंधरा वर्षांचा असतो. पोटातल्या बाळापासून हीच रीत आहे. 'सुनेला सातवा लागला' म्हणजे सहा महिने सरले. बाळ वर्षाचं झालं की त्याच दिवशी त्याला दुसरं लागतं.

घरातली गणती जवळजवळ सगळी लागलेल्याची. सोमवारी जन्मलेल्या बाळाची पाचवी शुक्रवारी पुजतात, कारण जन्माचा दिवस हाच पहिला धरायचा. बाराव्या दिवशीचं बारसं असंच, आणि माणूस गेल्यावरचा दहावा-तेरावाही असाच.

मुंजीत तर आणखी एक पेच आहे. आठव्या वर्षी मुंज करावी, हे सगळ्यांना ऐकून माहीत असतं. पण आठवं कुठून मोजायचं? आश्वलायन गृह्यसूत्रात ब्राह्मण मुलासाठी दोन्ही पर्याय दिलेत: जन्मापासूनचं आठवं किंवा गर्भापासूनचं आठवं, म्हणजे गर्भाष्टम. गर्भापासून धरलं तर पोटातले नऊ महिने वजा होतात आणि मुलगा साधारण सव्वासहा ते सव्वासात वर्षांचा असताना आठवं चालू असतं. आत्या म्हणते "अजून सातच झालीत, घाई कसली", आणि गुरुजी म्हणतात "आठवं सरत आलंय". दोघंही बरोबर असू शकतात.

त्याच मुलाला पहिलीत घालताना मात्र असा वाद घालायची सोय नसते. राज्यात गेली काही वर्षं ३१ डिसेंबर ही तारीख धरून सहा वर्षं पूर्ण लागतात. १ जानेवारीला जन्मलेला पोरगा एका दिवसाने मागे राहतो. मतदानाची अठरा, लग्नाची एकवीस, सगळीकडे हेच: सरकारला लागलेल्यात रस नाही.

मधल्या वयात आपण आकडेच सोडून देतो आणि विशी, तिशी, चाळिशी असले ढोबळ शब्द वापरतो. गद्धेपंचविशी म्हणजे साधारण सोळापासून पंचविशीपर्यंतचा काळ. ती नेमकी कधी संपते हे बायकोलाच ठाऊक. 'तिशीतला' म्हणजे जुन्या बोलीत तिशीच्या आसपासचा. हल्ली तीस ते एकोणचाळीस असा अर्थ रुळायला लागलाय. मला तो इंग्रजीच्या वळणाचा वाटतो, पण आता कोण अडवणार? चाळिशी तेवढी निर्विवाद, कारण ती नाकावर दिसते.

खरी गंमत निवृत्तीला येते. अण्णांच्या पिढीत गावागावांत १ जून जन्मतारखेची माणसं ढिगाने सापडतील. शाळेत घालायला आणलेल्या पोराची तारीख घरात कुणाला सांगता यायची नाही. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, मग हेडमास्तर वयाला जुळेल असं साल धरून १ जून टाकायचे. एका दमात वर्गातली दहा-पंधरा पोरं जुळी झाली! अण्णा त्यांतलेच. पुढे ते जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक झाले. तिथे अठ्ठावन्न वर्षं पूर्ण झाली की त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्ती. पण १ जूनवाल्याची अठ्ठावन्न वर्षं ३१ मे रोजीच पुरी होतात असं धरतात. म्हणून अण्णा ३१ मे २००८ला घरी बसले. हेडमास्तरांनी २ जून लिहिलं असतं तर ३० जूनपर्यंत राहिले असते. एका दिवसाने महिन्याचा पगार गेला, हे ते अजून ऐकवतात. राज्यभर ३१ मे रोजी निरोपसमारंभांची जी झुंबड उडते, ती याच १ जूनमुळे.

साठी आणि एकसष्टी यांचा घोळ तर दरवर्षी पत्रिकांवर दिसतो. साठ पूर्ण झाली त्या दिवशी एकसष्टावं लागतं. म्हणून त्याच दिवसाच्या कार्यक्रमाला कुणी साठी म्हणतं, कुणी एकसष्टी, आणि तिसरा एकसष्ट पुरी व्हायची वाट बघतो. साठीची शांत मात्र साठ पूर्ण झाल्यावरचीच. संवत्सरांची नावं साठ आहेत. साठ वर्षं सरली की माणूस ज्या नावाच्या संवत्सरात जन्मला तेच पुन्हा येतं. १९६६च्या पाडव्यापासून पुढच्या पाडव्यापर्यंत जन्मलेल्यांचं संवत्सर पराभव. २०२६च्या पाडव्याला तेच परत येतं. नाव अंगावर येणारं आहे खरं, पण ते आपल्या हातात नसतं.

देशाच्या वाढदिवसातही हेच झालं होतं. १५ ऑगस्ट १९४७ हाच पहिला स्वातंत्र्यदिन धरला तर २०२१चा पंचाहत्तरावा आणि २०२२चा शहात्तरावा. पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली ती मात्र २०२२मध्ये.

आता आमच्या घरात सहस्रचंद्रदर्शनाची चर्चा आहे. धाकट्या चुलतभावाला वाटत होतं, ऐंशी पूर्ण झाली की झालं. हिशेब तसा येत नाही. ऐंशी वर्षांत सौर महिने ९६०, त्यात अधिक महिन्यांची एकोणतीस-तीसची भर, म्हणजे ९९०च्या आसपास पौर्णिमा होतात. उरलेल्या दहासाठी आणखी नऊ-दहा महिने. जन्म पौर्णिमेच्या तोंडावर झाला असेल तर ऐंशी वर्षं नऊ महिने, पौर्णिमा नुकतीच होऊन गेली असेल तर दहा. पावसाळ्यातल्या ढगाआडच्या पौर्णिमाही पाहिल्यातच जमा. नाहीतर वाईकडच्या माणसाला हजार गाठायला शंभरी ओलांडावी लागेल.

१ जून १९५०वरून मोजलं तर एप्रिल २०३१ येतो. भावाने लगेच मंगल कार्यालयाचं नाव काढलं. अण्णांनी हात वर केला.

"एप्रिल नको. १ जून माझा नाही, हेडमास्तरांचा. आई सांगायची, भाताची लावणी चालली होती आणि ती बांधावरून घरी आली."

लावणी म्हणजे आषाढ. भावाने कॅलेंडरमध्ये एप्रिल खोडून मे-जून लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं.