ज्यूंना चित्रकला वर्ज्य? भिंती वेगळंच सांगतात

‘दहा आज्ञांत मूर्ती घडवायला बंदी, म्हणून ज्यूंकडे चित्रकलाच नाही,’ हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. त्या आज्ञेचा रोख पूजेवर आहे. बायबलमधल्या ज्या निर्गम ग्रंथात ती येते, त्याच्याच ३१व्या अध्यायात देव बसालेल नावाच्या कारागिराला आपल्या आत्म्यानं भरून टाकतो, तेही सोनं-चांदी घडवायला, रत्नं बसवायला, लाकूड कोरायला!

सीरियातल्या दुरा-युरोपोस या प्राचीन शहरातलं सभास्थान, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनागृह पाहा. इ.स. २४५च्या सुमाराची ही भिंतीभर चित्रं : नाईलमधून बाळ मोशेला उचलणारी स्त्री, समुद्र ओलांडणारे लोक. पुढं इराणी वेढ्याच्या धास्तीनं तटाला मातीचा भराव घातला गेला, त्यात सभास्थान गाडलं गेलं आणि म्हणूनच रंग टिकले. १९३२मध्ये ते उघडं पडलं.

मतभेद होतेच, माणसाच्या कोरीव प्रतिमांबाबत अनेक रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, कडक होते. पण ‘हिद्दूर मित्झवा’, म्हणजे धर्मकृत्य देखणं करणं, हा जुनाच दंडक. शब्बाथचा, म्हणजे ज्यूंच्या आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाचा, द्राक्षरस साध्या पेल्यातही चालतो, तरी घरोघरी नक्षीचा चांदीचा पेला जपतात. आपल्याकडच्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंनी, बेने इस्रायलींनी तर बायबलमधल्या कथांवर मराठी कीर्तनं रचली.