मुद्दल कोणी राखले? नागपूरच्या शैक्षणिक देणग्यांची पार्श्वभूमी

नागपूरच्या अमरावती रोडवरच्या एलआयटीचे पूर्ण नाव, लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, ऐकले की बाहेरगावहून आलेल्या मुलांना वाटते, ते देवाच्या नावावरून ठेवले असावे. तसे नाही. लक्ष्मीनारायण हे कामठीचे गृहस्थ. रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी 1930 मध्ये उपयोजित विज्ञान आणि रसायनशास्त्राच्या शिक्षणासाठी नागपूर विद्यापीठाच्या नावे सुमारे 35 लाख रुपये ठेवले. त्या काळी सोन्याचा तोळा वीस-एकवीस रुपयांना मिळत होता. ढोबळ हिशेब केला तर ही रक्कम 1,900 किलो सोन्याच्या आसपास जाते. विद्यापीठ तेव्हा जेमतेम सात वर्षांचे होते. 4 ऑगस्ट 1923 रोजी सहा महाविद्यालये आणि 927 विद्यार्थी घेऊन ते सुरू झाले आणि सर बिपिनकृष्ण बोस पहिले कुलगुरू झाले. इतक्या लहान विद्यापीठाला एका माणसाने एवढे द्यावे, हे मला अजूनही थक्क करते.

अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाचा निधी, म्हणजे देणग्यांची गुंतवून ठेवलेली गंगाजळी, इतके अब्ज डॉलर, आयआयटी मुंबईला 2023 मध्ये नंदन निलेकणींनी दिलेले 315 कोटी, अशा बातम्या आल्या की आपल्याकडे एक प्रश्न हमखास निघतो: नागपूरला असे दाते का मिळाले नाहीत? प्रश्नच चुकीचा आहे. दाते मिळाले. पाहायचे ते एवढेच, की दिलेल्या पैशाचे पुढे काय झाले, मुद्दल राहिले की विटा-सिमेंटात गेले आणि राहिले असेल तर ते वाढले का.

या शहराच्या महाविद्यालयांची नावे नीट वाचली तरी अर्धा इतिहास कळतो. स्कॉटिश मिशनचे हिस्लॉप 1883 चे, तर मध्य प्रांताचे चीफ कमिशनर मॉरिस यांच्या नावाचे मॉरिस कॉलेज 1885 चे. त्यानंतर देशी दात्यांची नावे दिसू लागतात. आपण ज्याला एलएडी म्हणतो, त्या महिला महाविद्यालयाच्या पूर्ण नावात लेडी अमृतबाई डागाही आहेत आणि गृहविज्ञानासाठी श्रीमती रत्नीदेवी पुरोहितही. जीएस कॉमर्स म्हणजे गोविंदराम सेकसरिया. ते महाविद्यालय वर्ध्याच्या शिक्षा मंडळाचे, आणि शिक्षा मंडळ जमनालाल बजाजांनी 1914 मध्ये उभे केलेले. बिंझाणी, धनवटे ही नावेही याच ओळीतली. व्यापार आणि पेढ्यांवरचा पैसा दोन पिढ्यांत शिक्षणाकडे वळला, तो असा.

पण यातल्या बहुतेक देणग्या इमारतीला, जागेला किंवा संस्थेच्या उभारणीला होत्या. संस्था उभी राहिली, दात्याचे नाव लागले, पैसा संपला. यात गैर काहीच नाही. वर्गखोल्याच नव्हत्या, तेव्हा व्याजासाठी पैसे कोणी आणि कशासाठी राखायचे? मुंबई विद्यापीठातही तसेच झाले. प्रेमचंद रायचंद यांच्या पैशातून ग्रंथालय आणि राजाबाई टॉवर उभे राहिले, तर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून दीक्षान्त सभागृह. याच प्रेमचंदांनी कलकत्ता विद्यापीठाला मात्र शिष्यवृत्तीसाठी 2 लाख रुपये दिले आणि तिथे मुद्दल राखून व्याज वापरण्याची वाट धरली गेली. त्याच कलकत्त्यात 1912 पासून तारकनाथ पालित आणि रासबिहारी घोष या दोन वकिलांनी विज्ञान महाविद्यालयासाठी पैसा दिला. अट अशी, की त्यातून निर्माण होणाऱ्या अध्यासनांवर, म्हणजे देणगीच्या पैशावर चालणाऱ्या प्राध्यापकपदांवर, भारतीयच नेमायचे. सरकारी नोकरी सोडून सी. व्ही. रामन प्राध्यापक झाले ते पालित अध्यासनावर. पैशाइतकेच त्या अटीनेही काम केले. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीचेही तसेच. ती ‘शिक्षणासाठी’ अशी मोघम नव्हती, विषय नेमलेला होता. म्हणूनच 1942 मध्ये इथे रसायन अभियांत्रिकी आणि तंत्रज्ञानाची संस्था निघाली आणि 2023 मध्ये त्याच संस्थेचे स्वतंत्र विद्यापीठ झाले. अट नसती तर तो पैसा कुठल्या कुठे विरून गेला असता, असे मला वाटते.

आता अमेरिकेकडे पाहू. हार्वर्डची सुरुवात काही अब्जांनी झाली नाही. 1638 मध्ये जॉन हार्वर्ड नावाचा तरुण धर्मोपदेशक वारला. त्याने आपली निम्मी मालमत्ता आणि सुमारे 400 पुस्तके नव्या कॉलेजला ठेवली. येल विद्यापीठाची कथा तर आपल्या किनाऱ्यावरून जाते. एलिहू येल हा मद्रासच्या फोर्ट सेंट जॉर्जचा गव्हर्नर होता. हिंदुस्थानातल्या खासगी व्यापारात तो गब्बर झाला. 1718 मध्ये त्याने मालाचे नऊ गठ्ठे, 417 पुस्तके आणि राजाचे एक चित्र पाठवले. माल विकून 562 पौंड आले आणि कॉलेजने त्याचे नाव लावले. आपल्याकडून गेलेल्या पैशावर एका परक्या विद्यापीठाचे नाव उभे आहे, हे वाचताना आतडे पिळवटते.

या रकमा लक्ष्मीनारायण यांच्या देणगीपुढे किरकोळ होत्या. फरक पडला तो पुढच्या तीन शतकांत. एक तर पिढ्यान् पिढ्या माजी विद्यार्थी भर घालत राहिले. दुसरे, खर्चाची शिस्त. दरवर्षी निधीच्या साधारण 5 टक्के रक्कमच काढायची, उरलेली वाढ मुद्दलात जाऊ द्यायची. तिसरी गोष्ट अलीकडची. 1985 मध्ये डेव्हिड स्वेन्सन यांनी येलचा निधी हाती घेतला आणि नेहमीच्या शेअर-रोख्यांपुरते न थांबता नव्या कंपन्या, जंगलजमिनी, खासगी भागभांडवल (शेअर बाजारात नसलेल्या कंपन्यांतली भागीदारी) यांत पैसा लावला. तेव्हाचे 1.3 अब्ज डॉलर 2020 पर्यंत 31 अब्जांवर गेले. हार्वर्डचा निधी जून 2025 मध्ये सुमारे 57 अब्ज डॉलर होता, म्हणजे जवळपास 5 लाख कोटी रुपये. महाराष्ट्र शासनाचा 2025-26 चा अख्खा अर्थसंकल्प 7 लाख कोटींचा होता.

तरीही ती मोकळी तिजोरी नव्हे. हार्वर्डचा निधी म्हणजे 14 हजारांहून अधिक वेगवेगळ्या देणग्या, आणि त्यातला चार पंचमांश पैसा दात्याच्या अटीने बांधलेला. अमुक विषयाच्या अध्यासनाचा पैसा वसतिगृहाच्या छपराला लावता येत नाही. 2025 च्या कायद्याने तिथल्या श्रीमंत खासगी विद्यापीठांच्या निधीच्या उत्पन्नावरचा कर 8 टक्क्यांपर्यंत नेला, तो वेगळाच.

आपल्याकडे नियम उलट्या बाजूने कसलेले आहेत. 1882 चा ट्रस्ट कायदा, 1890 चा धर्मादाय निधी कायदा आणि 1950 चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, सगळ्यांचा रोख एकच: विश्वस्ताने पैसा बुडवू नये. म्हणून सरकारी रोखे, बँक, पोस्ट. विधवेच्या दागिन्यांतून आलेली देणगी सट्ट्यात जाऊ नये, ही काळजी खरीच होती. पण त्यावर आयकराचा नियम येतो: विश्वस्त संस्थेने वर्षाच्या उत्पन्नाचे 85 टक्के त्याच वर्षी कामासाठी वापरायचे, सहज राखता येतात ते 15 टक्के. खास कारणासाठी पाच वर्षे साठवण्याची सोय आहे, पण त्याचा पाठपुरावा करणारा खजिनदार लहान संस्थेत क्वचितच असतो. पुढे अनुदानित महाविद्यालयांचे पगार शासन देऊ लागले आणि निधी वाढवण्याची निकडही गेली.

याचा परिणाम देणगीच्या व्याजातून दिल्या जाणाऱ्या पदकांच्या यादीत दिसतो. शंभर वर्षांपूर्वी कोणी हजार रुपये साडेतीन टक्क्यांच्या सरकारी रोख्यात ठेवले, तर वर्षाला 35 रुपये येत. त्यात तोळाभर सोन्याचे पदक होऊन वर घडणावळ निघे. मुद्दल आजही हजारच असेल, तर त्याच्या व्याजात पदकाची डबीसुद्धा येणार नाही.

माझ्या आत्याने 1996 मध्ये काकांच्या नावाने एका महाविद्यालयात 25 हजार रुपये दिले. बी. ए. ला मराठीत पहिल्या येणाऱ्या मुलाला किंवा मुलीला व्याजातून पुस्तके आणि रोख बक्षीस, एवढीच इच्छा. बँका तेव्हा बारा टक्क्यांच्या आसपास व्याज देत. तीन हजार रुपये येत आणि विजेत्याच्या हातात दोरीने बांधलेला पुस्तकांचा गठ्ठा पडे. आत्या दरवर्षी स्नेहसंमेलनाला पहिल्या रांगेत बसायची. आता साडेसहा टक्क्यांनी सोळाशे रुपये येतात. मागच्या वर्षी एका मुलीला प्रमाणपत्र आणि पाकीट मिळाले. पाकिटात किती होते ते तिने आत्याला सांगितले नाही, पण नमस्कार करून म्हणाली, “आजी, तुमच्या पैशातून शब्दकोश घेईन म्हणते.”

त्या रात्री आत्याने जुने पत्र काढले. त्यात मुद्दलाबद्दल एकच ओळ होती: ‘ठेव कायम राहावी.’ ठेव कायमच राहिली होती, एक रुपयाही इकडेतिकडे नाही. आम्ही सगळ्या भाच्या-पुतण्यांनी मिळून त्यात 75 हजारांची भर घातली आणि नवे पत्र केले. त्यात एक कलम वाढवले आहे, की दरवर्षीच्या व्याजातले 15 टक्के मुद्दलात जमा करायचे. आत्याचा हात थरथरतो, म्हणून सही करायला वेळ लागला. मग ती म्हणाली, “पुस्तकांचा गठ्ठा आधी बांधायचे ना, तसाच बांधून द्या म्हणावं.”