एलेनी व्लाखू

एलेनी व्लाखू (१९११–१९९५) या अथेन्सच्या 'कथिमेरिनी' पेपरच्या मालक आणि प्रकाशक. इंग्रजीत त्यांना हेलन व्लाखोस म्हणतात, कारण ग्रीकमध्ये बाप व्लाखोस असला तरी मुलगी व्लाखू होते. वडील गिऑर्गिओस यांनी १९१९ मध्ये पेपर सुरू केला, नावाचा अर्थ साधाच, 'रोजचा'.

एलेनी आधी बातमीदार होत्या, १९३६ चं बर्लिन ऑलिम्पिक त्यांनी कव्हर केलं. जर्मनांनी देश ताब्यात घेतल्यावर मात्र पेपरचं काम सोडून नर्स झाल्या. १९५१ मध्ये वडील गेले आणि सगळा कारभार त्यांच्याकडे आला, मग 'इकोनेस' हे सचित्र साप्ताहिक आणि १९६१ मध्ये 'मेसिमव्रिनी' हा दुपारचा पेपरही काढला.

त्यांचं नाव झालं ते १९६७ मुळे. २१ एप्रिलला पहाटे रणगाडे रस्त्यावर आले, लष्करातल्या कर्नल लोकांनी सत्ता घेतली आणि प्रत्येक पान छापण्याआधी सेन्सॉरला दाखवायचं असा हुकूम निघाला. बाईंनी सरळ दोन्ही पेपर आणि साप्ताहिक बंद करून टाकलं! रणगाडे कसे चालवायचे हे मी तुम्हाला सांगत नाही, तर पेपर कसा चालवायचा हे तुम्ही मला सांगू नका, असं त्यांचं म्हणणं. यात खरी गोम अशी की कथिमेरिनी उजव्या विचारांचा पेपर, आणि कर्नल तर कम्युनिस्टांपासून देश वाचवायला आलोय म्हणत होते, म्हणजे हा पेपर आपल्याच बाजूने उभा राहील असं त्यांना वाटलं असणार, आणि नेमका तोच गप्प झाला. बंद राहिलेला पेपर इतका बोलू शकतो हे मला फार मोठं वाटतं.

पुढे एका इटालियन पेपरला मुलाखत देताना त्यांनी राजवटीतल्या पट्टाकोस यांना विदूषक म्हटलं, मग नजरकैद. डिसेंबर १९६७ मध्ये केसांना बुटाचं काळं पॉलिश फासून, खोट्या पासपोर्टवर त्या निसटल्या आणि लंडनला पोचल्या. तिथूनही लिहिणं-बोलणं चालूच ठेवलं.

१९७४ मध्ये राजवट कोसळली तशा त्या परतल्या, सप्टेंबरात कथिमेरिनी पुन्हा स्टॉलवर आला, त्या खासदारही झाल्या. १९८७ मध्ये त्यांनी पेपर विकला. तो आजही अथेन्समधून निघतो.