मोजपट्टीवरचे आकडे आणि त्यांमधली अंतरे

फ्रान्सिस बोफर्ट या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने 1806 च्या जानेवारीत आपल्या रोजनिशीत वाऱ्याच्या प्रतवारीचे कोष्टक मांडले, तेव्हा वाऱ्याचा वेग अचूक सांगणारे साधन जहाजांवर नव्हते आणि ‘जोराचा वारा’ म्हणजे नेमका किती, हे ज्याच्या त्याच्या अनुभवावर अवलंबून होते. पुढे या कोष्टकात फ्रिगेट जातीची युद्धनौका किती शिडे पेलू शकते, यावरून वाऱ्याला 0 ते 12 असे क्रमांक देण्यात आले. 12 म्हणजे ज्यापुढे कोणतेही शीड टिकणार नाही असा वारा. 1838 मध्ये ब्रिटिश नौदलाने ही पद्धत बंधनकारक केली. वेगाचे आकडे तिला बऱ्याच उशिरा जोडले गेले.

फ्रीडरिश मोस यांची खनिजांच्या कठीणपणाची 1812 ची श्रेणीही अशीच, निव्वळ क्रम लावणारी. कोणते खनिज कोणावर ओरखडा उमटवते, एवढेच ती सांगते. म्हणूनच कुरुंद (9) आणि हिरा (10) यांच्यातील प्रत्यक्ष तफावत पुष्कराज (8) आणि कुरुंद यांच्यातील तफावतीहून कितीतरी मोठी आहे, हे त्या आकड्यांवरून कळत नाही.

चार्ल्स रिश्टर यांनी 1935 मध्ये कॅलिफोर्नियातील भूकंपांसाठी मांडलेल्या श्रेणीचा पाया निराळा होता. भूकंपमापकावरील नोंदी इतक्या लहानमोठ्या होत्या की त्या एका पट्टीवर बसेनात. सहकारी भूकंपशास्त्रज्ञ बेनो गुटेनबर्ग यांच्या सूचनेवरून रिश्टर यांनी लॉगरिदमचा आधार घेतला. त्यामुळे एका अंकाच्या वाढीने नोंदीतील कंपनांचा आवाका दहापट, तर मुक्त होणारी ऊर्जा सुमारे 32 पट वाढते, आणि 5 व 7 यांत ऊर्जेचा फरक जवळपास हजारपटींचा पडतो. या मोजणीला ‘तीव्रता’ म्हणण्याची सवय मात्र घोटाळ्याची आहे, कारण तीव्रता ही हादऱ्याचे परिणाम मोजणाऱ्या मर्काली श्रेणीसारख्या पट्टीवर ठिकाणागणिक बदलते, तर भूकंपाची महत्ता (मॅग्निट्यूड), म्हणजे त्याचा मूळ आकार, एकच असते. अतिप्रचंड भूकंपांपुढे रिश्टर यांची पद्धत तोकडी पडल्याने टॉमस हँक्स व हिरू कानामोरी यांनी 1979 मध्ये आघूर्ण-महत्ता (मोमेंट मॅग्निट्यूड) श्रेणी सुचवली; बातम्यांतून रिश्टर यांचे नाव तरीही हटलेले नाही.

वैद्यकात ग्रॅहम टीसडेल व ब्रायन जेनेट यांनी 1974 मध्ये मांडलेली ग्लासगो कोमा श्रेणी रुग्ण कितपत शुद्धीवर आहे हे ठरवण्यासाठी डोळे उघडणे, बोलणे आणि हालचाल यांना वेगवेगळे गुण देते. आज त्यांची बेरीज 3 ते 15 असते; परंतु दोन रुग्णांची बेरीज सारखी असूनही त्यांची अवस्था वेगळी असू शकते, म्हणून तिन्ही आकडे स्वतंत्रपणे नोंदवावेत, असा आग्रह धरला जातो.