उंदराक गुण इलो!

पावसाळा सरला की कुडाळच्या बाजारात एक मावशी गोणपाटावर मुळ्या मांडून बसतात. यंदा मामांबरोबर गेलो तेव्हा त्यांच्यापुढे सप्तरंगीच्या कापांचा ढीग होता. तांबूस-पिवळे काप, आडव्या छेदावर एकात एक वर्तुळं. पाव किलोच्या पिशवीत छापील चिठ्ठी: ‘मधुमेहावर रामबाण. प्रयोगशाळेत सिद्ध.’ कसलं सिद्ध, असं मी विचारलं, तर मावशी म्हणाल्या, “उंदरांवर करून बघलेला आसा. उंदराक गुण इलो, मगे माणसाक कित्याक येवचो नाय?”

मामांनी दोन पिशव्या घेतल्या.

प्रश्न चोख आहे. अडतं ते ‘गुण’ या शब्दापाशी. उंदराची साखर उतरली, पण कशानं?

सप्तरंगी, म्हणजे शास्त्रीय नावानं सॅलाशिया चायनेन्सिस. तिची श्रीलंकेतली बहीण सॅलाशिया रेटिक्युलाटा. तिथे तिच्या लाकडाचे पेले करतात, रात्री त्यात पाणी भरून ठेवतात आणि सकाळी मधुमेह झालेला माणूस ते पितो. १९९७ साली जपानी संशोधकांनी या बहिणीतून सॅलासिनॉल नावाचा रेणू वेगळा केला, आणि तो सप्तरंगीतही सापडतो. म्हणजे मावशी थापा मारत नव्हत्या.

हा रेणू करतो काय, ते फार देखणं आहे. आपण पेज जेवलो की तांदळातल्या पिठूळ पदार्थाच्या लांबलचक साखळ्या आधी लाळेतले आणि मग स्वादुपिंडातले पाचक रस तोडतात. उरतात दोन-दोन, तीन-तीन ग्लुकोजचे तुकडे. आतड्याची भिंत मात्र सुट्या ग्लुकोजलाच आत घेते, जोडगोळीला नाही. म्हणून भिंतीवर शेवटचा घाव घालणारी विकरं (एन्झाइम) बसलेली असतात. माल्टेज आणि सुक्रेज ही त्यांतली दोन, आणि या कुटुंबाचं नाव अल्फा-ग्लुकोसिडेज. चहातली साखर आणि गूळ यांतलं सुक्रोजही इथेच फुटतं.

विकर म्हणजे अडकित्ता समजा. अडकित्त्याच्या पात्यात सुपारी सगळ्यात घट्ट कधी बसते? अख्खी असताना नाही, अर्धी कातरली गेल्यावर. विकराचंही तसंच. साखरेचा बंध तुटता तुटता क्षणभर तिच्या कड्यावर धन विद्युतभार येतो, आणि विकराच्या खोबणीची घडण त्या अर्ध्या तुटलेल्या अवस्थेलाच कवटाळण्यासाठी असते. सॅलासिनॉलमध्ये पाच अणूंचं कडं आहे, त्यात एक गंधकाचा अणू आहे, आणि त्या गंधकावर धनभार कायमचाच आहे. विकराला वाटतं, हीच ती अर्धी कातरलेली सुपारी. ते घट्ट धरतं, पण कातरायला काहीच नसतं. (इथे रसायनशास्त्र नकोसं झालं असेल तर एवढंच धरा: पात्यात खडा अडकला.) हा खडा थोड्या वेळानं निसटतोही, म्हणून तो जेवणाच्या वेळी पोटात हवा. मामा सप्तरंगीचं पाणी पहाटे पाचला पितात आणि पहिला घास साडेनऊला खातात.

आता उंदीर. पांढरा, लाल डोळ्यांचा, पंचवीस ग्रॅमचा ‘स्विस अल्बिनो’. बोथट टोकाची वाकडी सुई अलगद घशातून सरकवून पाव मिलिलिटर सप्तरंगीचा अर्क थेट जठरात सोडतात. काही उंदरांना नुसतं पाणी देतात, काहींना अकारबोज हे बाजारातलं औषध, जे याच विकरांना अडवतं. मग सगळ्यांना साखर पाजायची आणि अर्ध्या तासाने, तासाने, दोन तासांनी शेपटीच्या टोकातून थेंबभर रक्त घेऊन ग्लुकोमीटरवर बघायचं. हे यंत्र आपल्या घरात असतं तसंच.

पाण्याचा गट कशाला, असं विद्यार्थीही विचारतात. उंदराला नुसतं हातात धरलं तरी घाबरून त्याची साखर वाढते. आणि रात्रभर उपाशी ठेवलेला उंदीर म्हणजे माणसाच्या मानानं कितीतरी लांबला उपास, त्यात साखर खाली येते. हे चढउतार सगळ्या गटांत सारखे असतील, तरच उरलेला फरक अर्काचा.

माझा आवडता प्रयोग याच्या पुढचा. एका दिवशी उंदरांना सुक्रोज पाजा, दुसऱ्या दिवशी तयार ग्लुकोज. अर्कामुळे सुक्रोजनंतरची चढण बुटकी झाली, पण ग्लुकोजनंतरची जशीच्या तशी राहिली, तर अर्काचं काम आतड्यातल्या अडकित्त्यावर चाललंय हे कळलं, कारण ग्लुकोजला कातरावंच लागत नाही. दोन्ही चढणी बुटक्या झाल्या तर गोष्ट वेगळी: इन्सुलिन वाढलं असेल, किंवा जठरच हळू रिकामं होत असेल. उंदीर बोलत नाही, पण दोन प्याले बदलून त्याच्याकडून उत्तर काढता येतं. ‘साखर उतरली’ एवढंच छापणाऱ्या चिठ्ठीत हे कधीच नसतं.

चिठ्ठीत मात्राही नसते. समजा उंदराला किलोमागे २०० मिलिग्रॅम अर्क दिला. साठ किलोच्या माणसासाठी सरळ गुणाकार केला तर १२ ग्रॅम होतात, आणि ते चूक. लहान प्राण्याची चयापचयाची भट्टी जोरात चालते, म्हणून शरीराच्या पृष्ठभागाचा हिशेब धरून उंदराच्या मात्रेला साधारण १२.३ ने भागतात. येतात किलोमागे १६ मिलिग्रॅम, म्हणजे साठ किलोला जेमतेम एक ग्रॅम. तोही प्रयोगशाळेत काढलेल्या अर्काचा, बाजारातल्या कापांचा नव्हे.

शिवाय उंदीर ओकू शकत नाही, त्याला ती सोयच नाही. मळमळ कोणाला झाली ते कळणार कसं? आणि उंदराला मधुमेह ‘करतात’ ते स्ट्रेप्टोझोटोसिननं. मातीतल्या जिवाणूपासून मिळणारा हा रेणू ग्लुकोजचा तुकडा पाठीवर घेऊन ग्लुट-२ या दारातून इन्सुलिनच्या पेशींत शिरतो आणि त्या मारतो. माणसाच्या त्याच पेशींवर ते दार फारच कमी. म्हणून असा उंदीर म्हणजे मामा नव्हेत. मामांचं इन्सुलिन संपलेलं नाही, शरीर त्याला दाद देत नाही.

‘झाडपाल्यानं अपाय कसला?’ म्हणणाऱ्यांना मी काजऱ्याचं झाड दाखवतो. आपल्याच परसामागे उभं असतं, बियांत स्ट्रिक्नीन हे जहाल विष, आणि तेही शंभर टक्के नैसर्गिक.

मामांच्या बाबतीत भीती वेगळी होती. ते मधुमेहावरची ग्लिमेपिराइडची गोळी घेतात, त्यानं साखर फार खाली जाऊ शकते, आणि सप्तरंगीचं डॉक्टरांना त्यांनी सांगितलंच नव्हतं. घाम फुटला, हात थरथरले की मामी गूळ-पाणी देते. पण गूळ म्हणजे बहुतांश सुक्रोज. अडकित्त्यात खडा अडकलेला असताना तो फुटणार कसा? तेव्हा तयार ग्लुकोजच हवं. अकारबोज घेणाऱ्यांना डॉक्टर नेमकं हेच बजावतात.

डॉक्टरांकडे जाऊन आलो, आणि येताना ग्लुकोजची पुडी घेऊन मामीच्या फडताळात ठेवली. मामा बघत होते. म्हणाले, “म्हंजे गूळ-पाणी आता फकत पावण्यांकच!”